ग्रहणाच्या आधीची फट

मी फट बोलतेय. ओठातली फट. वरच्या ओठाच्या डाव्या अंगाला, नाकपुडीपासून निघून थेट तोंडात उतरणारी. माझ्याकडे लोक एकदा बघतात, चटकन नजर वळवतात आणि मग हळूच पुन्हा बघतात. तुम्हीही तेच केलं असतं, उगाच नाही म्हणू नका.

माझ्याविषयी सगळ्यांचं सगळं बोलून झालं. शिरड शहापूरपासून दीड कोसावरच्या आमच्या गावात असं एक घर नव्हतं, जिथं माझा निवाडा झाला नाही. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. आणि मी होते कुठं, तर तोंडातच. आता मी बोलणार आहे. गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट ही की मी बाहेरून आलेली नाही. कुणी कापलं म्हणून मी झाले नाही. मी सगळ्यांच्याच तोंडावर असते. तुमच्याही होते.

आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात तुम्ही कसे होता ठाऊक आहे का? पापडाच्या लाटीतला एक कण घ्यावा आणि बोटानं चपटा करावा, तेवढेच. ना तोंड, ना पाठ, ना हात. मग त्या चपट्या तुकड्याच्या मधोमध एक लांबट खळगा पडतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलतात, एकमेकींकडे झुकतात आणि मिटतात. त्याची नळी होते, त्या नळीचा पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होतो. त्याच सुमारास छातीच्या जागी दोन बारीक नळ्या शेजारी येतात, एक होतात आणि धडधडायला लागतात. ज्या हृदयावर तुम्ही एवढी गाणी रचता, त्याची सुरुवात ही. आईला तेव्हा पाळी लांबली एवढंच कळलेलं असतं.

चौथ्या आठवड्यात लेकरू ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. हातांच्या जागी दोन कोंब. तोंडाच्या जागी नुसतं भोक आणि भोवती पाच उंचवटे, एक कपाळाकडून, दोन गालांकडून, दोन हनुवटीकडून. हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांकडे सरकतात. त्यांच्या मधल्या ज्या मोकळ्या जागा, त्या आम्ही फटी. दिवाळीत करंजीची कड दाबून बंद करतात ना, तसं एकेका जागी होत जातं. पाठ मिटते, हृदय मिटतं, ओठ मिटतो, टाळू मिटते. अवयव घडतात ते बरेचसे असे मिटूनच. आम्ही फटी तिथं असतो त्या नाहीशा होण्यासाठी. मला त्याचं वाईट वाटलं नसतं. एखादीचा जन्मच तेवढ्यासाठी असतो.

माझी मात्र गंमत झाली. उजवीकडचा उंचवटा नाकाखाली येऊन व्यवस्थित भिडला. डावीकडचा निघाला, अर्ध्या वाटेत आला आणि थांबला. का थांबला? मला माहीत नाही. त्या जागेवर मी स्वतः होते, तरी मला सांगता येत नाही. ज्यांना सगळं माहीत होतं ते सगळे बाहेर होते.

हे केव्हाचं तेही सांगते. साल १९९५. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. शिवकन्या नावाची बावीस वर्षांची सून मृगाची पेरणी उरकून घरात आली आणि ज्येष्ठाच्या अमावस्येला तिची पाळी चुकली. सासूला सांगावं की आणखी आठ दिवस थांबावं, या विचारात ती मूग खुरपत होती, तेव्हा आत हृदय चालू झालं होतं. तिला मळमळ सुटली तेव्हा हाताच्या कोंबांना पंजे फुटत होते. आणि श्रावणात नागपंचमीला ती हाताला मेंदी लावून लिंबाच्या झोक्यावर बसली, तेव्हा लेकराचं तोंड ठरून गेलं होतं. उजवीकडं ओठ झाला होता, डावीकडं मी होते. अख्खं लेकरू भुईमुगाच्या दाण्याएवढं होतं. नागपंचमी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ग्रहणाकडं या.

त्या वर्षी दिवाळीच्या अमावस्येला सकाळी सूर्यग्रहण होतं. शिवकन्येला पाचवा महिना लागला होता. तिची सासू शकुबाई आठ दिवस आधीपासून बजावत होती. गरवार बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, काडीसुद्धा मोडायची नाही. नाहीतर लेकराचा ओठ कापलेला निघतो. अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि सुटेपर्यंत उठायचं नाही. शिवकन्येला हे सगळं मान्य होतं. ती पहाटेच अंघोळ करून खोलीत जाऊन बसली. शकुबाई देवापुढं माळ घेऊन बसली. शिवकन्येचा नवरा वैजनाथ शाळेच्या मैदानावर गेला होता. तिथं मास्तरांनी कुणाच्या तरी मोडक्या पायाचा एक्स-रे आणला होता आणि त्याच्या काळ्या फिल्ममधून सगळे पुरुष पाळीपाळीनं सूर्य बघत होते.

ऊन पातळ झालं, कोंबड्या परत खुराड्यात शिरल्या, आणि गोठ्यात कालवड ओरडायला लागली. दीड महिन्याची तांबडी कालवड. अंधारून आलं तशी बिथरली आणि खुंट्याभोवती फिरत सुटली. फिरता फिरता अंबाडीचं दावं तिच्या मानेला दोनदा वेढलं. आधी हंबरली, मग घोरायला लागली. खोलीत बसलेल्या शिवकन्येला ते ऐकू येत होतं. देवापुढं बसलेल्या शकुबाईलाही ऐकू येत होतं. माळ थांबली नाही.

शिवकन्या उठली. आधी हातानं गाठ सोडवायला गेली, पण कालवड ओढत होती तसतशी गाठ घट्ट होत होती. जीभ बाहेर आली होती. भिंतीला इळा खोचलेला होता. शिवकन्येनं तो काढला आणि एका ओढीत दावं कापलं. कालवड मटकन खाली बसली, थोडा वेळ तशीच पडून राहिली आणि मग उठून तिचाच पदर चघळायला लागली.

शकुबाई दारात उभी होती. ती कालवडीकडं बघत नव्हती. "कापलंस?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर साडेचार महिने ती रोज सुनेच्या पोटाकडं बघत राहिली. आत मी होते. तीन महिन्यांची जुनी, पक्की. मला ओरडून सांगायचं होतं की म्हातारे, ज्याची वाट बघतेस ते केव्हाच होऊन गेलं. ज्या दिवसांत होत होतं, त्या दिवसांत तू कुठं बघत होतीस? आत सगळं घडत होतं तेव्हा बाहेर कुणाला खबर नव्हती, आणि घडून संपल्यावर सगळे पहाऱ्याला बसले. माणसांची ही सवय मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मार्चमध्ये पोरगी झाली. सुईण रूपाबाईनं तिला हातात घेतलं आणि उजेडाकडं धरलं. नाळ कापली, पुसलं, कापडात गुंडाळलं. ती म्हणाली, टाळू चांगली आहे, पोरगी जगेल. बिचारीनं चांगली बातमी आधी दिली. शकुबाईनं कापड बाजूला करून मला बघितलं. मला वाटलं ती किंचाळेल. ती उठली, गोठ्यात गेली आणि दाव्याचे ते दोन तुकडे घेऊन आली. एक मानेकडचा, एक खुंट्याकडचा. तिनं ते जपून ठेवले होते. ओसरीतल्या खुंटीला ते टांगून तिनं बाळंतिणीच्या खोलीकडं तोंड केलं.

"आता कुणी इचारलं तर मला सांगायची गरज न्हाई," ती म्हणाली. "हे दावं सांगंल."

आणि दावं सांगायला लागलं. बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई आधी मला बघायची, मग खुंटीकडं. शकुबाई दोन्ही तुकड्यांची टोकं हातात धरून दाखवायची, बघा, कसं सरळ कापलंय. बायका हनुवटीवर बोट ठेवायच्या. एकीनंही विचारलं नाही की कालवडीचं काय झालं. कालवड समोरच कडबा खात असायची.

पोरीला अंगावर पिता येत नव्हतं. ओठ जुळल्याशिवाय ओढ बसत नाही, आणि दूध माझ्यातून वाहून जायचं. शिवकन्या वाटीत दूध काढायची आणि चमच्यानं उजव्या गालातून थेंब थेंब पाजायची. एका पाजण्याला तास लागायचा. तिनं एक पाजणं चुकवलं नाही. बारशाला नाव कुणी सुचवेना, तेव्हा तिनंच ठेवलं, चांगुणा. शकुबाई म्हणाली, नाव तरी बघून ठेवायचं होतं.

एक सांगितलं पाहिजे. शकुबाईची पोरीवर माया होती. मला आवडत नाही हे कबूल करायला, पण होती. न्हाऊ घालायची, केसांना तेल लावायची, गल्लीतली पोरं "फाटकी फाटकी" म्हणून ओरडली की काठी घेऊन धावायची. तिचा सगळा राग सुनेवर होता. कदाचित नातीवर जीव होता म्हणूनच कुणालातरी दोषी धरल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. पण मी तिला सूट देणार नाही. कुणावरच्या मायेपायी दुसऱ्याला जाळायची परवानगी मिळत नाही.

शिवकन्येचं काय झालं ते ऐका. गल्लीत कुणाला दिवस गेले की तिला बोलावणं बंद. ओटी भरायला नाही, चोळीला नाही, बारशाला नाही. गरवार बाई समोरून आली की हिनंच वाट सोडायची. वैजनाथला दुसरी करून द्यायची बोलणी शिरडला एका घरी दोनदा झाली. वैजनाथ त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "माय म्हणंल तसं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मैदानावर उभं राहून त्यानं एक्स-रेतून सूर्य बघितला होता, घरात मात्र त्याला खुंटीच्या पलीकडचं काही दिसलं नाही.

याहून वाईट म्हणजे शिवकन्येलाही तेच वाटत होतं. आरोप करणाऱ्यांचं मला काही नाही, पण जिच्यावर आरोप तिनंच सही केली, याचा मला संताप यायचा. ती पोरीला मांडीवर घेऊन माझ्या कडेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "म्या केलं हे, लेकरा. माझ्या हातानं केलं." दर वेळी मी तिच्या बोटाखाली असायचे. दर वेळी खरं मला माहीत असायचं. एवढं जवळ असून मुकं राहणं काय असतं, ते मला विचारा.

१९९९ मध्ये हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी तिला पुन्हा दिवस गेले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सूर्यग्रहण आलं. या वेळी शकुबाईनं काही बजावलं नाही. दुपारीच सुनेला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आत अंथरूण आणि एक तुळशीचं पान. इळे, सुऱ्या, कात्र्या, सगळं शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. शिवकन्या उताणी पडून राहिली. कूस बदलली नाही, पाणी मागितलं नाही. डासाला हात लावला नाही. चांगुणा दाराच्या फटीतून आत बघत होती, म्हणून मीही बघत होते. मी सांगते, गुन्हेगारसुद्धा कोठडीत एवढा निमूट पडत नसेल.

डिसेंबरात मुलगा झाला. नरसिंग. ओठ अखंड, नाक सरळ, सगळं जागच्या जागी. त्याच्यातली फट आषाढात-श्रावणात नव्हे, त्याच्याही आधी, उन्हाळ्यातच मिटून गेली होती, ग्रहणाचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण शकुबाईनं पेढा आधी देवाला ठेवला आणि दुसरा त्या खुंटीखाली.

"पाळलं की असं व्हतं," ती आल्यागेल्याला सांगायची. "न्हाई पाळलं की तसं."

झालं. खटल्याचा निकाल लागला. आता कुणाला शंका उरली नाही. दुसरी बायको करायची बोलणी थांबली, कारण मुलगा झाला होता. दावं मात्र खुंटीवरच राहिलं, त्यावर धूळ आणि कोळिष्टकं चढली. ती कालवड आता गाय झाली होती आणि दोन्ही वेळा दूध देत होती. शकुबाई त्या दुधाचा चहा सकाळ-संध्याकाळ त्याच दाव्याखाली बसून प्यायची. मी ओसरीतून बघायचे. मला थुंकता येत असतं तर थुंकले असते.

चांगुणा शाळेत जायला लागली. हुशार होती. पण प, ब, म ही अक्षरं ओठ मिटून म्हणायची असतात, आणि ती म्हणायला लागली की वारा माझ्यातून निसटायचा. पोरं तिला मुद्दाम "बाप" म्हणायला लावायची आणि हसायची. मग तिनं बोलणंच कमी केलं. ओढणी तोंडावर घ्यायची सवय लागली. शाळेत वर्गाचा फोटो निघाला तेव्हा फोटोवाल्यानंच तिला सांगितलं, तू जरा मागं उभी राहा. त्या फोटोत मी नाही. चांगुणाही नाही, तिचा एक कान आहे.

२००५ च्या जानेवारीत अंगणवाडीच्या बाईंनी एक चिठ्ठी आणून दिली. नांदेडला शिबिर होतं, फाटलेल्या ओठांची ऑपरेशनं फुकट करणार होते. शकुबाई म्हणाली, ग्रहणाचं केलेलं माणसाला शिवता येत नाही, शिवलं तरी उसवेल. वैजनाथ म्हणाला, माय म्हणंल तसं. शिवकन्येनं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यापैकी कुणाला उत्तर दिलं नाही. पिशवीत चार भाकरी बांधल्या, नरसिंगला शेजारी ठेवलं, पोरीचा हात धरला आणि वसमतमार्गे नांदेडच्या एस.टी.त बसली.

तिथं मला चांगल्या कपड्यातल्या एका डॉक्टरीणबाईनं बघितलं. नजर वळवून पुन्हा चोरून बघितलं नाही. सरळ बघितलं, बोटानं चाचपलं, वहीत चित्र काढलं. मला तिचा राग आला नाही, हे मी नोंदवून ठेवते. तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का? आई काही औषध घेत होती का?

शिवकन्या म्हणाली, "बाई, उगं इचारू नका. म्या गिरानात इळा चालवला. दावं कापलं."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. असं उत्तर तिनं पहिल्यांदा ऐकलेलं नसावं. "ग्रहण कधी होतं?"

"दिवाळीला. पाचवा चालू व्हता."

"आणि पाळी कधी चुकली होती, आठवतं?"

"ज्येष्ठाच्या अमुशाला. न आठवून कसं चालंल?"

डॉक्टरीणबाईनं तिचा हात हातात घेतला आणि तिच्याच बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. ज्येष्ठाची अमावस्या. आषाढ. या आठवड्यात हृदय, या आठवड्यात हात. हा श्रावण, ही नागपंचमी. मग ती एका पेरावर थांबली.

"ओठ जुळायचा तो नागपंचमीपर्यंत जुळतो. नाही जुळला तर नाहीच जुळत. त्यानंतर तुम्ही काहीही कापलं असतं तरी ओठ फाटला नसता. ग्रहण आलं तेव्हा ही फट तीन महिन्यांची होती."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं खरं वय सांगितलं. मला रडायला येत नाही, मी नुसती जागा आहे. पण त्या दिवशी आलं असतं.

शिवकन्येनं विचारलं, "मंग कशानं झालं?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही. हजारात एखाद्या लेकराला होतं. तुमच्या हातानं झालेलं नाही, एवढं मात्र नक्की सांगते."

शिवकन्या त्या पेराकडं बघत राहिली, जिथं मोजणी थांबली होती. तिनं स्वतः पुन्हा एकदा मोजलं, ज्येष्ठापासून. मग दिवाळीपर्यंत मोजलं. ती म्हणाली, "म्हंजी वासराला सोडवलं, ते पाप न्हाई?"

"कुठलं वासरू?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

तेव्हा शिवकन्येनं तिला सगळं सांगितलं, कालवडीची जीभ बाहेर आली होती तिथपासून. नऊ वर्षांत ही गोष्ट कालवडीपासून सुरू करून कुणी सांगितली नव्हती. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरीणबाईनं तिला मधे तोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन झालं. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. मला शिवायच्या आधी त्यांनी माझ्या दोन्ही कडा कापल्या. कड ताजी केल्याशिवाय कडेला कड जुळत नाही. कापल्यामुळं मी झाले, असं नऊ वर्षं ऐकत आले होते, आणि कापल्यामुळंच मी मिटले. शकुबाईला हे कुणी समजावून सांगायला पाहिजे होतं, पण यातली गंमत कळून हसण्यातली ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी वैजनाथ आला. हातात भाकरीचं गाठोडं. खाटेपाशी उभा राहिला, पट्टीकडं बघितलं. शिवकन्येनं त्याला आपला हात पुढं करायला लावला आणि त्याच्या पेरांवर महिने मोजून दाखवले. त्याला वेळ लागला. दोनदा चुकला, दोनदा परत मोजलं. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. मला त्याची कीव आली नाही. नऊ वर्षांत एकदा बोटं मोजली असती तर चाललं असतं.

टाके काढून आम्ही घरी आलो. गल्ली गोळा झाली. शकुबाईनं नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, माझ्या जागी उमटलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. मग वैजनाथनं, घसा खाकरत, पहिल्यांदाच आईपुढं सांगितलं की डॉक्टर म्हणतात, ग्रहणानं झालेलं नाही. नागपंचमीच्या आतच ठरून गेलं होतं.

शकुबाईनं थोडा विचार केला. तिचे डोळे अजून ओले होते. मग ती म्हणाली, "मंग पंचमीला काही चिरलं असंल हिनं. पंचमीलाबी चिरत न्हाईत."

 दोघीतिघींनी माना हलवल्यासुद्धा, हो, हेही खरंच. बघा तुमची माणसं. पुरावा गेला तर पुरावा बदलतील, आरोपी बदलणार नाहीत.

शिवकन्या चूल पेटवत होती. ती उठून ओसरीत आली. मला वाटलं ती बोटं मोजून दाखवेल. ती खुंटीपाशी गेली.

"आत्याबाई," ती म्हणाली, आवाज चढवला नाही, "पंचमीला झालं असंल, तर मंग हे दावं नऊ वरीस काहून टांगलं व्हतं?"

शकुबाईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. मी जन्मभर उघडी राहिले आणि बोलू शकले नाही. त्या दिवशी तिचं उघडं तोंड बघून मला जे समाधान मिळालं, ते मी लपवणार नाही.

शिवकन्येनं दाव्याचे दोन्ही तुकडे काढले, झटकले. धूळ खाली ठेवलेल्या शकुबाईच्या चहात पडली. कापलेली टोकं तिनं एकमेकांवर घेतली आणि गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एक मारली. गाय तिसऱ्यांदा व्याली होती, दहा दिवसांचं वासरू गोठ्यात मोकळंच हिंडत होतं. वैजनाथनं न सांगता जाऊन त्याची मान धरली. शिवकन्येनं दावं बांधलं. गाठीमुळं वीतभर तोकडं झालं होतं, पण पुरलं.

चांगुणा तिच्या मागं गोठ्यात आली होती. टाक्यांची जागा ताजी होती, बोलू नको असं बजावलं होतं. तिनं आईचा पदर ओढला. दोन्ही ओठ हळूच एकमेकांवर टेकवले, माझ्यावर ताण आला, मी धरून ठेवलं.

"माय," ती म्हणाली.

मी वारा सोडला नाही.

आता मी एक पांढरी रेघ आहे. चांगुणा हसली की थोडी ओढली जाते, थंडीत जराशी दुखते. लोक अजूनही दोनदा बघतात. शकुबाई अजूनही पंचमीची गोष्ट सांगते, पण दाखवायला तिच्याकडं काही नाही, म्हणून ऐकायला कुणी फारसं थांबत नाही. शिवकन्येला मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका पोरीच्या ओटीला बोलावणं आलं. ती गेली, आणि जाताना चांगुणाला बरोबर घेऊन गेली.

तुम्हाला निरोप देताना आशीर्वाद वगैरे देणार नाही. एक काम करा. नाकाखाली बोट ठेवा. मधे जी पन्हळ लागते, तिच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. तिथं मी होते, तुमच्याही. तुमच्या आईला दिवस गेलेत हे धड कळायच्या आत मी तिथं आले आणि मिटून गेले. त्यात तुमच्या आईचं कर्तृत्व नव्हतं. शिवकन्येचाही गुन्हा नव्हता. तेव्हा दुसरीकडं बोट दाखवायच्या आधी ते तिथं ठेवा, आणि मग त्याच बोटाच्या पेरांवर महिने मोजा.